‘मायनर’ विषयाची थोरली गोष्ट

पदवीच्या पहिल्या वर्षाचा प्रवेश-अर्ज भरताना आता दोन शब्द हटकून समोर येतात : मेजर आणि मायनर. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आणि त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये काढलेला आराखडा यांमुळे हे शब्द आपल्या महाविद्यालयांत आले. मुख्य विषय तो मेजर आणि त्याच्या जोडीचा तो मायनर, एवढे साधारण सगळ्यांना कळते. पण त्यापुढे गोंधळ सुरू होतो.

आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीने हा अर्ज घेऊन आम्हाला गाठले. तिचा मुख्य विषय रसायनशास्त्र. जोडीला वैद्यकाशी जवळीक असलेले जीवशास्त्र घ्यावे, असे तिच्या मनात होते. रक्त, रोगजंतू, पेशी, आनुवंशिकता असा तो अभ्यासक्रम. घरच्यांचे म्हणणे वेगळे होते. तिने विचारले, “सर, हा विषय घेऊन मी काही डॉक्टर होणार नाही. मग तो घेऊन उपयोग काय?”

प्रश्न सरळ होता, पण आम्हाला चटकन उत्तर देता आले नाही. वैद्यकाच्या दारात जीवशास्त्र उभे कधी राहिले, तिथे त्याला कोणी बसवले आणि कशासाठी, हे आम्हालाच नीट माहीत नव्हते. म्हणून थोडी शोधाशोध केली. हाती जी गोष्ट लागली तिची सुरुवात एका शिक्षक-प्रशिक्षण वर्गात होते, आणि ‘मायनर’ हा शब्दही त्याच गोष्टीत सापडतो. म्हणून ती आपल्यापुढे मांडतो आहोत.

झाडपाला ओळखण्यापुरते

वैद्याला सजीवांचा अभ्यास हवा, ही कल्पना तशी फार जुनी. पण तो अभ्यास मुख्यतः औषधी वनस्पती ओळखण्यापुरता असे. औषधे झाडापासून येत. चुकीचे मूळ किंवा चुकीचे पान वापरले तर रोगी दगावे. त्यामुळे वैद्यकाच्या विद्यार्थ्याला वनस्पतिशास्त्र शिकवत. गोव्यात १५६३ मध्ये गार्सिया द ऑर्ता यांचे औषधी द्रव्यांवरचे प्रसिद्ध पुस्तक छापले गेले. ते पोर्तुगीज वैद्य होते. लंडनमध्ये औषधविक्रेत्यांच्या मंडळाने १६७३ मध्ये चेल्सी येथे औषधी वनस्पतींची बाग लावली, ती आपल्या उमेदवारांना झाडे ओळखता यावीत म्हणूनच. सजीवांना दोन-दोन शब्दांची नावे देण्याची पद्धत रूढ करणारे लिनियस हेसुद्धा स्वीडनमधील उप्साला विद्यापीठात वैद्यकाचे प्राध्यापक होते.

‘जीवशास्त्र’ या अर्थाचा ‘बायॉलॉजी’ हा शब्द मात्र त्या मानाने नवा. १८०२ च्या सुमारास लामार्क आणि ट्रेव्हिरानस यांनी तो वापरला. झाडे आणि प्राणी वेगवेगळे शिकण्याऐवजी ‘जिवंत असणे म्हणजे काय’ हा एकच प्रश्न दोघांना विचारायचा, असा त्यामागचा विचार. विचार चांगला होता, पण वर्गात तो आणायचा कसा? त्याला आणखी सत्तर वर्षे लागली.

१८७१ चा शिक्षकांचा वर्ग

थॉमस हेन्री हक्स्ली (१८२५–१८९५) हे नाव आपण डार्विनचे खंदे समर्थक म्हणून ऐकलेले असते. त्यांचे स्वतःचे शिक्षण वैद्यकाचे. लंडनच्या चेरिंग क्रॉस रुग्णालयात शिकत असतानाच, १८४५ मध्ये, केसाच्या मुळाभोवतालच्या आवरणातला एक थर त्यांनी दाखवून दिला. त्याला आजही हक्स्लीचा थर म्हणतात. मात्र रोगी बरे करण्यापेक्षा शरीर हे यंत्र चालते कसे, याची त्यांना जास्त ओढ होती. १८४६ ते १८५० या काळात ‘रॅटलस्नेक’ या नौदलाच्या जहाजावर ते साहाय्यक शल्यवैद्य होते. त्या प्रवासात त्यांनी जाळ्यात सापडणाऱ्या जेलीफिशचा अभ्यास केला. जेलीफिशच्या शरीराचे दोन थर आणि पृष्ठवंशी प्राण्यांच्या गर्भात सुरुवातीला दिसणारे थर यांत साम्य आहे, हे त्यांच्या ध्यानात आले. समुद्रातला एक लिबलिबित प्राणी आणि आईच्या पोटातला गर्भ यांचा असा संबंध लागू शकतो, ही त्या काळी नवलाची गोष्ट होती.

पुढे हक्स्ली प्राध्यापक झाले. इंग्लंडमध्ये १८७० मध्ये प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. शाळा वाढणार होत्या. विज्ञान शिकवणारे शिक्षक होते, पण त्यांतल्या बहुतेकांनी विज्ञान फक्त पुस्तकात वाचलेले होते. १८७१ च्या उन्हाळ्यात हक्स्लींनी लंडनच्या साउथ केन्सिंग्टन भागात अशा शिक्षकांसाठी एक वर्ग घेतला. हाताशी मायकेल फॉस्टर यांच्यासारखे तरुण सहकारी होते. वर्गाची पद्धत अशी : आधी व्याख्यान, आणि व्याख्यान संपले की त्याच विषयावर प्रयोगशाळेत काम. प्रत्येकाने सूक्ष्मदर्शकाखाली स्वतः पाहायचे, स्वतः चित्र काढायचे, आणि व्याख्यानात सांगितलेले खरे आहे का, हे स्वतः ताडून पाहायचे.

आज आपल्याला यात विशेष वाटणार नाही. पण त्या काळी प्राण्यांचे शिक्षण म्हणजे संग्रहालयातल्या बरण्या दुरून पाहणे आणि प्राध्यापकांचे बोलणे उतरवून घेणे, असा प्रकार होता.

या वर्गांतून १८७५ मध्ये एक पुस्तक तयार झाले. हक्स्लींच्या जोडीला लेखक होते फॉस्टर यांचे विद्यार्थी हेन्री न्यूवेल मार्टिन. पुस्तकात शेकडो जीवांची यादी नव्हती. मोजकेच जीव निवडलेले होते. पहिला धडा यीस्टचा. मग एकपेशीय शैवाल, अमीबा, जीवाणू, बुरशी, नेचे, घेवड्याच्या कुळातले एक झाड, हायड्रा, गोड्या पाण्यातला शिंपला, शेवंड आणि शेवटी बेडूक. प्रत्येक जीव आपले अन्न कसे मिळवतो, श्वास कसा घेतो, वाढतो कसा, हे प्रश्न सगळ्यांना सारखेच.

शिक्षकांना आवडेल अशी एक गोष्ट सांगतो. १८८८ मध्ये या पुस्तकाची सुधारित आवृत्ती निघाली, तेव्हा क्रम उलटा केला गेला. बेडूक पहिला आला आणि सूक्ष्मजीव मागे गेले. यीस्ट रचनेने साधे खरे, पण नवख्या विद्यार्थ्याला ते अनोळखी. बेडूक गुंतागुंतीचा, पण डोळे, पाय, हृदय ही सगळी ओळखीची मंडळी. साध्याकडून अवघडाकडे जावे, की ओळखीच्याकडून अनोळखीकडे? आपल्या शिक्षकखोलीत आजही रंगणारा हा वाद त्या पुस्तकाच्या दोन आवृत्त्यांत असा समोरासमोर दिसतो.

बाल्टिमोर : दोन वर्षांचे मेजर, एका वर्षाचे मायनर

आता आपल्याला अटलांटिक ओलांडून अमेरिकेत जायचे आहे, कारण मार्टिन तिकडे गेले.

बाल्टिमोर शहरातले एक व्यापारी जॉन्स हॉपकिन्स १८७३ मध्ये वारले. त्यांनी सत्तर लाख डॉलर ठेवले होते. निम्मे विद्यापीठासाठी, निम्मे रुग्णालयासाठी. विद्यापीठ १८७६ मध्ये सुरू झाले. पहिले अध्यक्ष डॅनियल कॉइट गिलमन यांनी ठरवले, की इथे संशोधन आणि शिक्षण बरोबर चालेल. पुढे वैद्यकाची शाळा काढायची होतीच. तिच्या आधी जीवशास्त्राचा विभाग हवा, म्हणून त्यांनी हक्स्लींचा सल्ला घेतला आणि २८ वर्षांच्या मार्टिन यांना बोलावून घेतले. १२ सप्टेंबर १८७६ रोजी खुद्द हक्स्लींनी बाल्टिमोरला येऊन भाषण केले. वैद्यकाचा विद्यार्थी रुग्णालयात येण्यापूर्वीच भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र यांची हाताने केलेली ओळख त्याला हवी, हा विचार ते आधीपासून मांडत आले होते.

हे म्हणणे किती धाडसाचे होते, ते कळण्यासाठी त्या वेळच्या अमेरिकेतल्या वैद्यकीय शाळा कशा होत्या, ते पाहायला हवे. बहुतेक शाळा डॉक्टरांनीच चालवलेल्या, फीवर चालणाऱ्या. प्रवेशाला पदवीची अट नाही. काही महिन्यांचे एक सत्र व्याख्याने ऐकायची. दुसऱ्या सत्रात बऱ्याच ठिकाणी तीच व्याख्याने पुन्हा ऐकायची. सूक्ष्मदर्शकाला डोळा न लावता आणि क्वचित रोग्याला हातही न लावता विद्यार्थी डॉक्टर होऊन बाहेर पडे. अशा डॉक्टरच्या हाती पडणाऱ्या रोग्याच्या जागी आपण आहोत अशी कल्पना केली, म्हणजे हक्स्ली आणि मार्टिन यांची तळमळ समजते.

हॉपकिन्समध्ये पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी विषयांचे गट केले होते. त्यांतला रसायन-जीवशास्त्र हा गट पुढे वैद्यकाकडे जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी. आणि इथेच आमच्या विद्यार्थिनीच्या अर्जातले ते दोन शब्द भेटतात. १८७७–७८ सालच्या हॉपकिन्सच्या माहितीपुस्तकात ‘मेजर’ आणि ‘मायनर’ हे शब्द या अर्थाने आले. विषय दोन वर्षे शिकला तर मेजर, एक वर्ष शिकला तर मायनर. फरक होता तो कालावधीचा. काम दोन्हीकडे प्रयोगशाळेतच करायचे. मायनर म्हणजे ‘कमी महत्त्वाचा’ किंवा ‘गुण भरून काढायचा’ विषय, हा अर्थ मुळात नव्हता. तो आपण नंतर लावला.

मार्टिन यांचा हृदयाचा प्रयोग

मार्टिन नुसते शिकवत नव्हते. विद्यार्थ्यांबरोबर ते प्रयोगही करत. त्यांतला एक प्रयोग इथे सांगायलाच हवा, कारण वैद्यकाला जीवशास्त्र कशासाठी हवे याचे त्याहून नेमके उदाहरण आम्हाला सापडले नाही.

ताप आला की नाडी जलद चालते. वैद्यांना हे हजारो वर्षे माहीत होते. पण का चालते? तापामुळे मेंदू हृदयाला तसा हुकूम देतो, की रक्त गरम झाले म्हणून हृदयच आपणहून वेगाने ठोके देते? जिवंत शरीरात हे दोन प्रश्न वेगळे करता येत नाहीत, कारण मेंदू आणि हृदय मज्जातंतूंनी जोडलेले असतात. हृदय शरीरापासून वेगळे करून चालू ठेवता आले, तर उत्तर मिळेल.

बेडकाचे हृदय असे चालू ठेवण्याची रीत युरोपातल्या प्रयोगशाळांत बसलेली होती. सस्तन प्राण्याचे हृदय मात्र बाहेर काढताच थांबे. मार्टिन यांनी यामागचे कारण ओळखले. बेडकाच्या हृदयाच्या पातळ, सच्छिद्र भिंतीला आतल्या द्रवातूनच पोषण मिळते. सस्तन प्राण्यांच्या जाड भिंतीला ते पुरत नाही. तिच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांतून, म्हणजे परिहृद् वाहिन्यांतून, प्राणवायू असलेले रक्त सतत वाहावे लागते. मग त्यांनी हृदय आणि फुप्फुसे यांची जोडी कायम ठेवली, बाकीच्या शरीराशी असलेला तिचा संबंध तोडला आणि रक्त उबदार ठेवले. १८८१ मध्ये कुत्र्याचे हृदय अशा रीतीने चालू राहिले. त्यानंतर रक्ताचे तापमान हळूहळू वाढवले, की ठोके वाढत. कमी केले, की ठोके मंदावत. मेंदूचा संबंध नसतानाही हे घडत होते. तापातल्या जलद नाडीचे एक कारण असे हाती आले. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८८३ चे मानाचे क्रूनियन व्याख्यान या कामाला दिले.

या प्रयोगाला जिवंत प्राणी लागले, आणि त्याबद्दल त्या काळीही समाजात वाद होता. तो वाद आपण टाळू नये. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्ये प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमातली विच्छेदने बंद करायला सांगितली, ती याच वादाची पुढची पायरी. पण विच्छेदन गेले म्हणून प्रश्न विचारणे जाऊ नये. मार्टिन यांची खरी कामगिरी सुरी चालवण्यात नव्हती. ‘बेडकाचे चालते आणि कुत्र्याचे का थांबते?’ हे विचारण्यात आणि दोन भिंतींतला फरक ओळखण्यात ती होती. तुलना करणारे जीवशास्त्र ज्याने शिकलेले नाही, त्याला हा प्रश्न सुचणे कठीण.

मार्टिन यांची अखेर दुःखद झाली. प्रकृती ढासळली, दारूचे व्यसनही जडले होते. १८९३ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि १८९६ मध्ये, पन्नाशीही गाठण्यापूर्वी, ते इंग्लंडमध्ये वारले. ज्या वैद्यकीय शाळेची तयारी करायला त्यांना बोलावले होते, ती त्यांच्या राजीनाम्याच्याच वर्षी उघडली. तिथे शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक झाले त्यांचेच विद्यार्थी विल्यम हॉवेल.

दार उघडले, पण कोणासाठी?

वैद्यकीय शाळेला एवढा उशीर होण्याचे कारण पैसा. हॉपकिन्स यांची ठेव रेल्वेच्या समभागांत होती आणि त्यांचे उत्पन्न आटले. तेव्हा बाल्टिमोरच्या काही स्त्रियांनी निधी उभा करण्याचे मनावर घेतले. त्यांतल्या मेरी गॅरेट यांनी १८९२ च्या अखेरीस उरलेली तूट स्वतः भरली. ती रक्कम तीन लाख डॉलरहून अधिक होती. पण त्यांनी अटी घातल्या. स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने प्रवेश मिळाला पाहिजे. आणि येणाऱ्या प्रत्येकाजवळ पदवी हवी, भौतिक, रसायन, जीवशास्त्र यांचा अभ्यास हवा, फ्रेंच आणि जर्मन वाचता यायला हवे.

अटी इतक्या कडक होत्या, की प्राध्यापक ऑस्लर आपले सहकारी वेल्च यांना गमतीने म्हणाले म्हणतात, की आपण प्राध्यापक म्हणून आत आलो हे बरे झाले. विद्यार्थी म्हणून आपल्याला प्रवेश मिळाला नसता! १८९३ च्या पहिल्या तुकडीत १८ विद्यार्थी होते, त्यांत तीन स्त्रिया.

पुढच्या काळात तिथे आलेल्या फ्लॉरेन्स सेबिन यांचे उदाहरण पाहा. १८९३ मध्ये स्मिथ या स्त्रियांच्या महाविद्यालयातून त्या पदवीधर झाल्या. फीसाठी पैसे नव्हते, म्हणून शाळेत गणित शिकवले, मग महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवले, आणि पैसे साठल्यावर हॉपकिन्समध्ये वैद्यकाला प्रवेश घेतला. १९०० मध्ये त्या डॉक्टर झाल्या. डुकराच्या गर्भांवर काम करून त्यांनी दाखवले, की लसिकावाहिन्या शिरांपासून फुटून बाहेर वाढत जातात. १९१७ मध्ये त्या हॉपकिन्सच्या वैद्यकीय शाळेतल्या पहिल्या स्त्री पूर्ण प्राध्यापक झाल्या.

जे डॉक्टर झालेच नाहीत, त्यांचे काय? थॉमस हंट मॉर्गन यांनी हॉपकिन्सच्या जीवशास्त्र विभागातून १८९० मध्ये डॉक्टरेट घेतली, ती समुद्रकोळ्यांच्या अभ्यासावर. पुढे ब्रिन मॉर या स्त्रियांच्या महाविद्यालयात ते शिकवत होते. तिथे नेटी स्टीव्हन्स त्यांच्या विद्यार्थिनी झाल्या. स्टीव्हन्स आधी शाळेत शिक्षिका होत्या. १९०५ मध्ये त्यांनी पिठातल्या भुंगेऱ्याच्या पेशींत एक लहान आणि एक मोठे अशी गुणसूत्रांची जोडी दाखवली आणि अपत्याचे लिंग नराकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरते, हे स्पष्ट केले. मुलगी झाली म्हणून सुनेला दोष देणाऱ्या घरांत हे वाक्य आजही ऐकवावे लागते, हे आपण शिक्षक जाणतोच. मॉर्गन यांनी पुढे फळमाशीवर काम करून जनुके गुणसूत्रांवर असतात, हे सिद्ध केले. १९३३ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले ते वैद्यक आणि शरीरक्रियाशास्त्राचे. त्यांनी एकही रोगी तपासलेला नव्हता.

पायरीची चाळणी झाली

गोष्ट इथे संपवली असती तर ती गोड झाली असती. पण ती अपुरी राहील.

अब्राहम फ्लेक्स्नर यांनी १८८६ मध्ये हॉपकिन्सची पदवी घेतली आणि आपल्या गावी, लुईव्हिलला, ते शाळाशिक्षक झाले. पुढे त्यांनी स्वतःची शाळा काढली. त्या शाळेत परीक्षा नव्हत्या, प्रगतिपुस्तके नव्हती. हेच गृहस्थ १९०८ च्या सुमारास कार्नेगी प्रतिष्ठानच्या कामाला लागले आणि अमेरिका-कॅनडातल्या १५५ वैद्यकीय शाळा त्यांनी पाहिल्या. ते स्वतः डॉक्टर नव्हते. १९१० मध्ये त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. ज्या शाळांत प्रयोगशाळेच्या नावाने एखादी धुळकट खोली होती, त्यांची नावे घेऊन त्यांनी लिहिले. हॉपकिन्स हा त्यांचा नमुना. वैद्यकाला येण्यापूर्वी महाविद्यालयात निदान दोन वर्षे जीवशास्त्र, रसायन, भौतिक शिकलेले असावे, ही त्यांची मागणी.

वाईट शाळा बंद पडण्याची सुरुवात अहवालाच्या थोडी आधीच झाली होती. अहवालाने तिला जोर आला. रोग्यांचे त्यात भले झाले, यात शंका नाही. पण किंमतही मोजावी लागली. कृष्णवर्णीयांसाठी त्या वेळी सात वैद्यकीय शाळा होत्या. त्यांपैकी दोनच टिकवण्याजोग्या आहेत, असे फ्लेक्स्नर यांनी लिहिले, आणि काही वर्षांत दोनच उरल्या. इतर शाळांची दारे त्या विद्यार्थ्यांना बहुतेक बंदच होती. अहवालातल्या वंशभेदी मजकुराबद्दल एक शतकाने हिशेब मागितला गेला, आणि अमेरिकेतल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेने २०२० मध्ये आपल्या एका पारितोषिकातून त्यांचे नाव काढले.

ही किंमत आपल्या ओळखीच्या एका नावाने नीट समजते. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेत गेल्या तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या. त्यांच्याजवळ महाविद्यालयाची पदवी नव्हती, कुठून असणार? फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाने त्यांना घेतले, आणि मार्च १८८६ मध्ये त्या एम. डी. झाल्या. तिथून सुमारे दीडशे किलोमीटरवर, बाल्टिमोरमध्ये, त्याच वर्षांत मार्टिन आपला विभाग चालवत होते. सात वर्षांनी बाल्टिमोरच्या शाळेने स्त्रियांना दार उघडले खरे. पण आनंदीबाई त्या दारातून आत जाऊ शकल्या नसत्या. पदवी, तीन विज्ञाने आणि दोन परभाषा या अटी कल्याणच्या एका मुलीला पुऱ्या करता येण्यासारख्या नव्हत्या. फ्लेक्स्नर-अहवालानंतर अमेरिकेतल्या स्त्रियांच्या वेगळ्या वैद्यकीय शाळांपैकी एकच टिकून राहिली, आणि ती आनंदीबाईंची.

म्हणजे एकच अट दोन कामे करत होती. अर्धवट शिकलेल्या डॉक्टरपासून ती रोग्याला वाचवत होती. आणि ज्यांच्या गावात प्रयोगशाळा नाही, त्यांना बाहेरही ठेवत होती. दुसरे टाळायचे तर अट सैल करून चालणार नाही. अट पुरी करण्याची सोय जास्त ठिकाणी व्हायला हवी. हक्स्लींनी आपला वर्ग प्रथम शिक्षकांसाठी घेतला, त्याचे महत्त्व आम्हाला इथे जाणवते.

आपल्या वर्गात

आज आपल्याकडे वैद्यकाचा प्रवेश ‘नीट’ परीक्षेवर ठरतो. तिच्या ७२० गुणांपैकी ३६० जीवशास्त्राचे. म्हणजे जीवशास्त्र आजही दाराशीच उभे आहे, आणि त्याचे वजनही मोठे आहे. पण प्रश्न असतात चार पर्यायांचे. यीस्टची व्याख्या पाठ असलेला, पण यीस्ट कधीही न पाहिलेला विद्यार्थी पूर्ण गुण मिळवू शकतो. ज्यांना प्रवेश मिळत नाही त्यांची संख्या मोठी, आणि त्यांतल्या अनेकांना वाटते की दोन वर्षे शिकलेले जीवशास्त्र वाया गेले. दाराशी नेणारी पायरी म्हणूनच ज्याने विषय शिकला, त्याला दार बंद झाल्यावर पायरीचा राग येणारच.

हे बदलायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. हक्स्लींचा पहिला धडा आपल्याला आठवी-नववीच्या वर्गातही घेता येईल. तीन सारख्या बाटल्या घ्या. पहिलीत कोमट पाणी, साखर आणि चमचाभर बेकरीचे यीस्ट. दुसरीत कोमट पाणी आणि यीस्ट, पण साखर नाही. तिसरीत साखर आणि उकळून गार केलेले यीस्ट. तिन्हींच्या तोंडाला फुगे बसवा आणि तासाभराने पाहा. निष्कर्ष लगेच सांगू नका. ‘पहिलाच फुगा का भरला?’ हे विचारा आणि मुलांची उत्तरे फळ्यावर लिहा. कोणी म्हणेल, “साखरेने वायू केला.” मग तिसऱ्या बाटलीतही साखर आहे, तिथे का झाला नाही? कोणी म्हणेल, “उकळल्याने ते मेले.” मेले म्हणजे आधी जिवंत होते का, कशावरून? सूक्ष्मदर्शक असेल तर एक थेंब पाहू द्या. पाहिलेलेच चित्र काढायला सांगा, पुस्तकातले नको. हा धडा शस्त्रक्रियेची साधने उकळण्यापर्यंत जातो, आणि दूध का नासते तिथपर्यंतही.

आमची ती विद्यार्थिनी पुन्हा भेटली तेव्हा आम्ही तिला ही सगळी गोष्ट सांगितली. नेटी स्टीव्हन्सची अधिक. ती म्हणाली, “पण सर, आमच्या कॉलेजात मायनरला प्रॅक्टिकल असेल ना?” आम्ही म्हटले, “हाच प्रश्न प्रवेश घेण्यापूर्वी तिथे जाऊन विचार. प्रयोगशाळा बघून ये. सूक्ष्मदर्शक किती आहेत ते मोज, आणि किती मुलांमागे एक ते बघ.”

तिने ते केले. परत येऊन आकडा सांगितला. तो फारसा चांगला नव्हता. तरीही तिने विषय घेतला आहे, आणि आठवड्यातून एक दुपार मुलांना पाळीपाळीने सूक्ष्मदर्शक वापरू द्यावा, असा विनंतीअर्ज चौघी मैत्रिणींच्या सहीने दिला आहे. डॉक्टर होणार नसलेल्या मुलीला त्याची काय गरज, असे तिला तिथे कोणी विचारले, तर आता तिच्याजवळ उत्तर आहे.